हारुनचा नांगर

समुद्राखालची गॅसची पाइपलाइन फुटली, आणि दुपारपर्यंत टीव्हीवाल्यांनी दोन परदेश आणि एक पाणबुडी गुन्हेगार ठरवूनही टाकली. बेलापूरच्या छोट्या ऑफिसात संघमित्राबाईंचे मदतनीस पोपटराव यांनाही ते पटलं होतं. निवृत्त हवालदार माणूस. एवढ्या मोठ्या गुन्ह्यामागे बडी असामीच असणार, अशी त्यांची खात्री.

पण गुप्तहेर संघमित्राबाईंच्या दारात उभी राहिली ती एका मच्छीमाराची बायको, खदीजा.

"मॅडम, माझ्या हारुनला उचललंय. फुटल्या पाइपाला त्याचा नांगर अडकलेला सापडला. घातपाताचं कलम लावतायत. मग तो घरी कवा येनार?"

"नांगर त्याचाच?"

"त्याचाच. नाव रंगवलंय वर. पन तो जेट्टीवरून चोरीला गेला होता. दोर सोडवून तिथंच टाकला, नुसता नांगर नेला. आमचं कोन ऐकतंय?"

संघमित्राने पर्स उचलली. पोपटरावांनी नाइलाजाने टीव्ही बंद केला.

खदीजाच्या अंगणात हारुनचा दुसरा नांगर पडला होता. दोर वरच्या कडीला नव्हे, खाली आकड्यांच्या बुडाशी बांधलेला. कडीला तो नुसत्या सुतळीने अडकवलेला.

"उलटा बांधलाय की!" पोपटराव हसले.

"उलटा नाय, काका." शेजारचा अल्तमश कुंपणावरून बोलला. "तळाला खडक हाय. नांगर अडकला की खेचायचा. सुतळी तुटते, नांगर बुडाकडून सुटतो. आख्खा गाव असाच बांधतो. नांगरपन एकाच लोहाराचे, सगले सारखे. म्हनून नाव रंगवायचं."

"हारुनशी तुझं भांडण आहे म्हणे?" संघमित्राने विचारलं.

"हाय ना, जाल्यावरून. म्हनून काय त्याला फासावर देऊ?"

गॅस कंपनीच्या सुरक्षा अधिकारी वैशालीबाईंनी नांगर बोटीवर आल्याआल्या काढलेला फोटो दाखवला. कडीत घट्ट गाठ, पुढे कापलेला दोर.

"आमचा डायव्हर पार्थ खालूनच डायव्हरच्या फोनवर बोलला, हारुनचा नांगर आहे. मी बोटीवरूनच पोलिसांना फोन लावला. नांगर वर आला तो नंतर."

"पार्थचं कंत्राट?"

"दुसऱ्याला द्यायचं चाललं होतं. आता या दुरुस्तीला त्याच्याशिवाय आहे कोण?"

पार्थ सीवूड्सला भेटला. गोड बोलणारा, थकलेला. "मॅडम, खाली नुसता गाळ. टॉर्च लावला तरी स्वतःचा हात दिसत नाही. सगळं चाचपून करायचं." पोपटरावांना त्याची दया आली.

संध्याकाळी संघमित्राने सगळ्यांना कंपनीत बोलावलं. इन्स्पेक्टरही आले.

"हारुनने टाकलेल्या नांगराचा दोर बुडाशी असता," ती म्हणाली. "अल्तमशने टाकला असता तरी बुडाशीच. हाताची सवय भांडणाने बदलत नाही. फोटोत गाठ कडीला आहे. बांधणारा या गावचा नाही."

"म्हणजे परदेशी हात!" पार्थ चटकन म्हणाला. पोपटरावांनी मान डोलावली.

"पार्थ, रंगवलेलं नाव चाचपून वाचता येतं?"

पार्थची नजर इन्स्पेक्टरांकडे वळली.

"खाली हात दिसत नव्हता. नांगर सगळ्यांचे सारखे. तरी तो वर यायच्या आधीच तुम्ही नाव सांगितलंत. कारण तो तुम्हीच चोरला होता."

पोपटरावांची मान डोलायची थांबली. अहो, ही सगळी बोलणी त्यांच्याच कानांवरून गेली होती! लाज वाटायला हवी होती, पण वाटला तो बाईंचा निव्वळ अभिमान.

"मी फक्त पाइपाचे बोल्ट ढिले केले," पार्थ पुटपुटला. "थोडी गळती झाली असती, काम मिळालं असतं. एवढं फुटेल असं वाटलं नव्हतं."

"आणि हारुन?" संघमित्राचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तो आयुष्यभर आत सडला असता, त्याचं काय वाटलं होतं?"

इन्स्पेक्टरांनी पार्थच्या दंडाला धरलं.

हारुन चौकीबाहेर आला तेव्हा खदीजा पुढे धावली. तिने त्याची चुरगळलेली कॉलर सारखी केली आणि मग तीच कॉलर मुठीत धरून हमसाहमशी रडली. अल्तमश टेम्पो घेऊन आला होता; हारुनकडे न बघताच त्याने दार उघडून धरलं.

पोपटरावांनी नोकरीत पुष्कळ माणसं आत टाकली होती. बाहेर आणलेलं माणूस ते आज पहिल्यांदा बघत होते. त्यांनी टाचा जुळवल्या आणि भर रस्त्यात संघमित्राबाईंना कडक सलाम ठोकला.