हेमलताचे दहा

माझी बायको हेमलता गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात प्रिंट पक्का करायच्या हायपोत होते. ओल्या हातांनी मी तो उचलला नाही. तीनदा वाजला. ती आनेकलला बहिणीकडे गेली होती. परतताना बसस्टँडवर बाकावर बसली ती उठलीच नाही. मुलगी भूमिका कोरमंगलाहून येलहंकाला आली आणि दार वाजवून तिने मला सांगितलं.

माझा स्टुडिओ कधीच बंद झाला होता, पण न्हाणीघरातली डार्करूम मी ठेवली होती. दाराच्या फटीला जुनी साडी, वर लाल दिवा. कटरने माझ्या डाव्या करंगळीचं टोक नेलं, तेव्हापासून कागद हेमलताच कापायची. टायमर बिघडल्यावर कागदाला उजेड द्यायचे सेकंदही तीच मोजायची, स्टुलावर बसून, एकेक बोट उभं करत. तिचे दहा म्हणजे घड्याळाचे चौदा. दहा झाले की कानडीत ‘बरं’ म्हणावं तसं म्हणायची, "सरी, चला आता."

भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता. जन्मभर मी दुसऱ्यांच्या बायकांचे फोटो काढले. तिचा धड असा एकच सापडला, शेवटच्या रोलवर. त्या संध्याकाळी वीज गेली होती. तिच्या डाव्या हातात मेणबत्ती, उजव्या हाताचं एक बोट वर. "एकच हं. सांबार करपतंय."

कमी उजेडातली निगेटिव्ह पातळ असते, फार सांभाळून छापावी लागते. मोबाइल बघून कागदाला दहा सेकंद उजेड दिला. प्रिंट फिका आला. मग तिच्यासारखं सावकाश मोजलं. डेव्हलपरमध्ये चेहरा हळूहळू वर आला. झकास आला.

पण बोटं दोन होती.

निगेटिव्ह भिंगाखाली धरली. एकच बोट.

तिसऱ्या प्रिंटमध्ये तीन. चौथ्यात चार, आणि ती हसू दाबत होती. मीही हसलो, मोठ्याने, कित्येक महिन्यांनी. घाई करायची नाही, रोज एकच काढायचा, असं ठरवलं. रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आत जायचो. एकदा तिच्या स्टुलावर मल्लिगेचा गजरा ठेवला. पुढच्या प्रिंटमध्ये तो तिच्या केसांत होता.

नऊ झाले तेव्हा भूमिका आली. मी सगळे प्रिंट पलंगावर मांडले.

"अप्पा, आई मोजतेय."

"हो. अजून तशीच सावकाश."

ती हसली. मग एक प्रिंट खिडकीपाशी नेला. "मेणबत्ती कुणी धरलीय?"

मी बोटंच मोजत बसलो होतो. सहाव्यापासून हेमलताचे दोन्ही हात मोजण्यात होते. मेणबत्ती कडेने आलेल्या एका हातात होती.

त्या हाताच्या करंगळीला टोक नव्हतं.

भूमिकाने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"मी येईपर्यंत पुढचा काढू नका."

"सरी. स्वल्प थांबतो."

नऊ प्रिंट दोरीवर आहेत. नवव्यात हेमलता इतकी हसते आहे की तिचा पुढे आलेला दात दिसतो. तो तिने जन्मभर लपवला. पाकिटात एक कागद उरला आहे. आज सकाळी दाढी केली, शर्ट घातला.

दहावा प्रिंट अजून काढलेला नाही.