चौगुले मॅडमचा ‘बघू’

कोल्हापुरात आता सहसा कुणी कुणाकडे समोरासमोर काम मागत नसे. म्हणजे माणसं भेटत, चहा पीत, हवापाण्याच्या गप्पा मारत. पण ओळख काढणं, शिफारस मागणं, पोराला कुठं चिकटवून देणं, अगदी वर्गातली शंका विचारणंसुद्धा गेली आठ वर्षं जोडनिसांकडे होतं. पूर्वी चिटणीस चिठ्ठ्या लिहायचे, फडणीस फड सांभाळायचे. जोडनीस माणसं जोडायचा, म्हणून हे नाव. फक्त तो हाडामासाचा नव्हता. तो आपल्या माणसाच्या मोबाइलात राहून दिवसभर त्याचं बोलणं ऐकायचा, आणि त्याच्याच आवाजात, त्याच्याच रीतीनं इतरांच्या जोडनिसांशी बोलून व्यवहार मिटवायचा. माणसाला वर्षभर जमल्या नसत्या तेवढ्या भेटी त्याच्या एका दुपारीत व्हायच्या.

विजयमाला चौगुले तंत्रनिकेतनात पॅटर्नमेकिंग शिकवत. पॅटर्न म्हणजे ओतकामाआधी करायचा लाकडी नमुना. तो जसा उतरेल, तसा पुढं लोखंडाचा भाग. एकतीस वर्षं लाकूड आणि पोरं घासून गुडघे गेले होते आणि निवृत्तीला चौदा महिने उरले होते. रोज सकाळच्या चहाबरोबर त्या जोडनिसाचा अहवाल वाचत. ‘काल तुम्ही चारशे बारा जणांशी बोललात,’ असं वाचलं की न बोलताच त्यांचा घसा बसल्यासारखा व्हायचा.

त्या शुक्रवारच्या अहवालात मधेच एक ओळ होती. ‘शाहीन नदाफ, तिसरं वर्ष. तिच्या जोडनिसानं घाटगे फाउंड्रीतल्या शिकाऊ उमेदवारीसाठी शिफारस मागितली. नकार दिला.’

बाईंनी चहा तसाच ठेवला. शाहीनसारखा हात त्यांनी दहा वर्षांत पाहिला नव्हता. रंधा मारताना ती श्वास धरायची, आणि तिच्या पॅटर्नवरून बोट फिरवलं तर सांधा सापडायचा नाही. तीन आठवड्यांपूर्वी जाता जाता तिनं बाईंना तोंडानं विचारलं होतं, “मॅडम, घाटग्यांकडं माझं नाव सांगाल का?” आणि बाई म्हणाल्या होत्या, “बघू.”

जोडनीस बनवणाऱ्या डॉक्टर ऋता केळुस्कर तंत्रनिकेतनाच्याच चौथ्या मजल्यावर बसत. लिफ्ट बंद होती. दुपारी तास आटोपून बाई वर पोचल्या तेव्हा भांडायलाही दम उरला नव्हता.

“मी नाही म्हटलंच नव्हतं,” खुर्चीत बसत त्या म्हणाल्या. “मी बघू म्हटलं होतं. तुमचं यंत्र माझ्या तोंडी भलतंच घालतंय.”

“घोडं तिथंच पेंड खातं, मॅडम,” ऋता म्हणाली. ती स्वभावानं गोड होती, त्यामुळे तिच्यावर रागावणंही कठीण. “शब्दाचा अर्थ आम्ही कोशात शोधत नाही. माणूस बोलल्यावर पुढं काय घडतं ते तपासतो. एखादा गवंडी ‘उद्या येतो’ म्हणून दर वेळी आठवड्यानं येत असेल, तर त्याचा उद्या आठवड्याचा. याला आम्ही परिणामार्थ म्हणतो. सगळ्यांत छळलं ते ‘बघू’नं. कुणाचा बघू होकार असतो, कुणाचा नकार, कुणी नुसती वेळ मारून नेतो. म्हणून प्रत्येकाचा वेगळा मोजला.”

“माझा मोजलात?”

ऋतानं पडदा त्यांच्याकडं वळवला. आठ वर्षांत चौगुले मॅडम एक हजार एकशे चाळीस वेळा बघू म्हणाल्या होत्या. त्यातली कामं झाली एकोणतीस.

“चुकलंय काहीतरी,” बाई म्हणाल्या. “त्या कुरणे नावाच्या पोराला मी स्वतः स्कूटरवर बसवून शिरोलीला फाउंड्रीत नेलं होतं. मालक भेटेपर्यंत दोन तास उन्हात उभी होते.”

“ते जोडनीस यायच्या आधीचं असेल.”

होतं खरं आधीचं. बाईंनी दुसरं नाव आठवून पाहिलं, मग तिसरं. आठवेना, तेव्हा त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा राग आला.

“म्हणताना मला करायचंच असतं हो,” त्या म्हणाल्या. “मी काय खोटं बोलते?”

“नाही. पण मनातलं मोजायला आमच्याकडं काही नाही. झालेलंच मोजता येतं. हवं तर तुमच्या बघूचा अर्थ बदलून ‘हो’ लावते. मग तो तुमच्या नावानं सगळी कामं अंगावर घेईल.”

“नको. दर वेळी मला विचारू दे त्याला.”

“दिवसाला चाळीस मागण्या येतात. चाळीस वेळा विचारील.”

बाईंनी पडदा परत तिच्याकडं वळवला. “बघू म्हटलं की मागणाऱ्याला घरी जायला तोंड राहतं, डॉक्टर. आणि देणाऱ्याला पण. तेवढी जागा तुम्ही बुजवून टाकलीत.”

“त्या जागेत लोकांची वर्षं गेली, मॅडम. भिजत घोंगडं. आता निदान पुष्कळांना त्याच दिवशी कळतं.” मग तिनं घड्याळ पाहिलं. “घाटग्यांची जागा आज चारपर्यंत उघडी आहे. तुम्ही स्पष्ट ‘हो’ म्हणा, तुमचा जोडनीस लगेच कळवेल. पालकत्वासकट.”

पालकत्वाचा नियम नवा होता. जोडनीस हजारांनी शिफारशी वाटायला लागले आणि शिफारशीला किंमतच उरली नाही. म्हणून ठरलं, की जो नाव सुचवील त्यानं सहा महिने दर शनिवारी फाउंड्रीत जाऊन उमेदवाराचं काम तपासायचं. सव्वीस शनिवार. शिरोलीची बस, लोखंडी जिना, भट्टीची धग. बाईंच्या गुडघ्यांनी तो हिशेब त्यांच्या आधी केला.

“आधी पोरीशी बोलते,” त्या म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या.

वर्कशॉपमध्ये शाहीन पटाश्या पुसून पिशवीत भरत होती. साडेतीन वाजले होते. बाईंना पाहून ती हसली, आणि ते हसू खरं होतं हे बघून बाईंना जास्तच वाईट वाटलं.

“चुलत्यांच्या गाद्यांच्या दुकानात बसणार आहे, मॅडम. सोमवारपासून. अब्बा म्हटले, आता कशाला थांबायचं?”

“आणि हे?” बाईंनी पिशवीकडं बोट केलं.

“हे काय, राहतंय घरात.” तिनं पिशवीची नाडी ओढली. “मॅडम, खरं सांगू? तुम्ही नाही म्हटलासा ते बरं केलासा. पहिल्यांदा रडले. पण बाकीच्यांनी वर्षभर नुसतं झुलवत ठेवलं हो. तुम्ही एकट्याच सरळ बोललासा.”

ही शाबासकी आपली नव्हे, हे सांगायला बाईंनी तोंड उघडलं. पोरगी गाद्यांच्या दुकानात बसली तर तो हात दोन वर्षांत मरणार, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचा जीव खरोखर कळवळला. एकतीस वर्षांत कळवळला की जे ओठांवर यायचं, तेच आलं.

“थांब जरा,” त्या म्हणाल्या. “अजून चार वाजले नाहीत. बघू काय होतंय ते.”

शाहीनच्या पिशवीत मोबाइल वाजला. तिनं काढून पाहिला आणि बाईंपुढं धरला. ‘चौगुले मॅडमनी पुन्हा नकार कळवला आहे.’

शाहीन त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. तिनं घाई केली नाही. यंत्र खोटं बोलतंय, एवढंच बाईंना म्हणायचं होतं. आणि ते खोटं पाडायला एकच शब्द लागत होता. बाईंना बस आठवली, मग जिना आठवला. आपण खूप दमलोय, असं त्यांना वाटलं.

“पिशवी जड आहे,” त्या म्हणाल्या. “रिक्षानं जा.”