शेजारचा टेनर

आमच्या घराकडे रस्ता जात नाही, पायऱ्या जातात. एकशे बारा. आमच्या बर्गन शहरात पाऊस काही थांबत नाही, त्यामुळे त्या बहुतेक दिवस निसरड्या असतात. लहानपणी मी त्या दोन-दोन करून चढायचे. फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी मात्र सहाव्या महिन्याचं पोट पुढे, बटाट्यांची पिशवी पाठीला, आणि मी अर्ध्यावरच थांबले. थांबले म्हणजे दिव्याच्या खांबाला धरून उभी राहिले, आणि चेहरा असा केला की जणू मला खालचं बंदरच बघायचंय. छातीवर कुणीतरी आतून हात दाबून धरल्यासारखं वाटत होतं. श्वास यायचा, पण अर्धाच.

मागून भराभर पावलं वाजली आणि माझ्याजवळ येऊन मंदावली. एक उंच माणूस, भिजलेले तांबूस केस, हातात भला मोठा खोका. माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि दिव्याखालच्या रुंद पायरीवर त्याने धपकन बसकण मारली.

"या पायऱ्या आहेत की शिक्षा?" तो धापा टाकत म्हणाला.

आमच्याकडे अनोळखी माणसाशी बोलायचं तर एक तर पूर यावा लागतो, नाहीतर डोंगरावर गाठ पडावी लागते. मी दचकलेच.

"खोका जड आहे का?"

"खोका? … हो. फारच."

"काय आहे एवढं?"

"अं… पुस्तकं." त्याने बाजूला सरकून जागा केली. "बसता का जरा? एकट्याने धापा टाकायला लाज वाटते हो."

मी बसले. मला गरज होती म्हणून नाही हं — तो बिचारा दमला होता म्हणून. निदान मी तरी तसंच ठरवलं.

बोलता बोलता कळलं की त्याचं नाव योस्टाइन, शाळेत लाकूडकाम शिकवतो, आणि आमच्याच पायऱ्यांच्या टोकाला पिवळ्या घरात नुकताच राहायला आलाय. त्याच्या स्वेटरला ओल्या लोकरीचा आणि भुश्शाचा वास येत होता. पण खरं सांगू? माझं लक्ष त्याच्या आवाजाकडे होतं. वरचा, मोकळा, स्वच्छ आवाज.

"तुम्ही गाता का?" मी विचारलं.

"आंघोळ करताना."

"वरचे सूर लागतात?"

"शेजारी भिंत वाजवतात. म्हणजे लागत असावेत."

"गुरुवारी सात वाजता चर्चच्या तळघरात या," मी म्हटलं. "कॉफी आहे, वाफल आहेत, त्यावर तपकिरी चीज आहे."

तुम्ही कधी कोरसमध्ये गायला असाल तर माझी हाव समजेल. टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, कुठल्याच कोरसला पुरेसा मिळत नाही. आमच्या टेनरच्या रांगेत आम्ही तिघंच होतो: अठ्ठ्याहत्तर वर्षांचे ओड्वार, त्यांचे मेहुणे, आणि घोगऱ्या आवाजामुळे बायकांच्या रांगेतून इकडे पाठवलेली मी, राग्ना. गुरुवारी योस्टाइन खरोखरच आला आणि पहिलाच वरचा सूर त्याने सहज लावला, तेव्हा ओड्वार माझ्या कानात कुजबुजले, "याला कुठे शोधलंस गं? आता सोडू नकोस."

मी नुसती हसले. कान मात्र तापले.

त्यानंतर रोजच व्हायला लागलं. साडेचारला मी चष्म्याच्या दुकानातून सुटायचे आणि दिव्यापाशी पोचायचे, तेवढ्यात मागून पावलं यायची. योस्टाइन बसायचा, दमलेला. मग मीही बसायचे, त्याच्या सोबतीला. छत्री त्याची, थर्मासमधली कॉफी माझी. महिना लोटला तरी त्याची पुस्तकं संपेनात.

"किती पुस्तकं आहेत रे तुझ्याकडे?"

"जाड जाड आहेत. एका वेळी एकच आणवतं."

"आणि तरी एवढी धाप? डॉक्टरला दाखव."

"तू दाखवलंस का?"

"मला कारण आहे," मी पोटावर हात ठेवला. "मी दोघांचा श्वास घेते."

छत्रीच्या दांड्याकडे बघत त्याने विचारलं, "आणि… बाळाचा बाबा?"

"नाही. म्हणजे दाता आहे, बाबा नाही. सदतिसावं लागलं, वाट बघून कंटाळले, एकटीच दवाखान्यात गेले. आई म्हणते, एकटीला झेपायचं नाही. मी म्हणते, बघच तू."

"झेपेल की," तो म्हणाला. आणि त्याने छत्री माझ्या बाजूला अशी कलती केली की त्याचा उजवा खांदा पूर्ण भिजला.

मला तो खांदा पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला. आवडायला लागला होता मला तो, उगाच आढेवेढे कशाला घेऊ? पण आईला मी इतक्या ठसक्यात सांगितलं होतं की हे सगळं माझं मी करणार. आता अर्ध्या वाटेवर कुणाच्या तरी खांद्यावर मान टाकली, तर ती म्हणणारच — बघ, मी सांगत होते ना?

मे महिन्यात आमचा वसंताचा कार्यक्रम असतो. या वर्षीच्या शेवटच्या गाण्यात बाकीचे सगळे आवाज एकेक करून थांबतात आणि टेनरचा एकच सूर उरतो. लांब, हळू, हवेत विरेपर्यंत. ओड्वार आणि त्यांचे मेहुणे तिथपर्यंत पोचायचे नाहीत. म्हणून आमच्या संचालिका गीडाने तो सूर माझ्याकडे आणि योस्टाइनकडे सोपवला होता. बाळ आल्यावर पुन्हा कधी तळघरात उभी राहीन, कुणास ठाऊक. तो सूर मला हवा होता. शेवटपर्यंत, न तुटता.

एप्रिलमधल्या एका तालमीत तो तुटला. फासळ्यांभोवती पट्टा आवळल्यासारखं झालं, काळीज धडधडायला लागलं, डोळ्यांपुढे ठिपके आले. गीडाचा हात हवेतच राहिला. कुणी काही बोलायच्या आत योस्टाइनने माझा कोट माझ्या खांद्यावर टाकला होता.

"चल."

"मला काही झालेलं नाही."

"मग तेच डॉक्टरच्या तोंडून ऐकू."

दवाखान्यात परिचारिकेने बोटाला चिमटा लावला, छातीला तारा चिकटवल्या, रक्त घेतलं. मग योस्टाइनकडे वळून तिने विचारलं, "बाबा आत येणार का?"

"मी बाबा नाही," तो घाबरून म्हणाला. "मी शेजारचा टेनर."

तिने मान डोलावली, जणू असे टेनर रोजच येतात. मला इतकं हसू आलं की यंत्रावरची रेघ वेडीवाकडी झाली आणि सगळं पुन्हा करावं लागलं.

हृदय ठीक, फुप्फुसं ठीक. लोह कमी. दुसऱ्या दिवशी आमच्या सुईण उन्नीने मला समोर बसवून नीट समजावलं. "बाळ वर सरकलंय, तुझ्या फुप्फुसांना पसरायला जागाच नाही. गोळ्या संत्र्याच्या रसाबरोबर घे, उशा लावून कुशीवर झोप, पायऱ्यांवर थांबत जा. पण छातीत दुखलं, बसल्या जागी धाप लागली, नाहीतर एकच पोटरी सुजली, तर वाट बघायची नाही. लगेच फोन करायचा. कळलं?"

"आणि गाणं?"

"गा की. बसून गा."

बसून. चाळीस माणसं उभी आणि मी एकटी खुर्चीत. गीडाही तेच म्हणाली, वर म्हणाली की शेवटचा सूर योस्टाइन एकटा धरेल. मी तोंडाने बरं म्हटलं आणि घरी येऊन बटाटे इतके जाड सोलले की हातात गोट्याच उरल्या.

दुसऱ्या दिवशी पायरीवर योस्टाइन म्हणाला, "आपण आळीपाळीने श्वास घेऊ. तू श्वास घेशील तेव्हा सूर मी धरतो. ऐकणाऱ्याला कळणारही नाही. लांबच्या सुरांना सगळा कोरस तेच करतो ना?"

"मला मदत नकोय."

"मदत कुठे म्हणालो?"

"छत्री, दवाखाना, आता माझा सूर. मी एकटी करणार होते हे, योस्टाइन."

तो उठला, खोका उचलला. "ठीक आहे," एवढंच म्हणाला आणि पायऱ्या चढून गेला. वाटेत एकदाही थांबला नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्यानंतर चार दिवस तो दिव्यापाशी आला नाही. मी थांबायचे, एकटी बसायचे. धाप त्याच पायरीवर लागायची, पण आता ती नुसतीच धाप होती.

गुरुवारी तालमीच्या सुट्टीत ओड्वारने वाफलवर चीजचा काप ठेवता ठेवता विचारलं, "तुमचं बिनसलंय का?"

"त्यालाच विचारा. पण बसवून विचारा, दोन पायऱ्या चढला की त्याचा जीव वर येतो."

ओड्वारचा हात थांबला. "कुणाचा? योस्टाइनचा? अगं, तो दर रविवारी डोंगरावरच्या पायऱ्या पळत चढतो. माझ्या नातवाबरोबर. गेल्या वर्षी शर्यतीत तिसरा आला."

"काहीतरीच काय. त्याला खोका उचलवत नाही."

"कुठला खोका?" ते म्हणाले, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी वाफल माझ्याच ताटलीत ठेवलं. "खा. लोह नाही त्यात, पण खा."

मी त्या माणसाला अडीच महिने दया म्हणून कॉफी पाजली होती. आधी राग आला. मग फेब्रुवारीतली ती पावलं आठवली — भराभर येणारी, आणि मला बघून मंदावणारी. कुणी थांब म्हटलं असतं तर मी थांबले नसते, हे त्याला एका नजरेत कळलं होतं. म्हणून तो स्वतःच बसला होता. माझे डोळे भरून आले आणि ते मी वाफलवर ढकललं.

सुट्टी संपताना मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. "आठव्या मात्रेला मी श्वास घेईन," मी वहीत बघत म्हटलं. "तू बाराव्याला घे."

"बरं," तो म्हणाला. वही त्याने उलटी धरली होती.

कार्यक्रमाच्या रविवारी सकाळी उठले, तर काहीतरी वेगळंच वाटलं. पोट खाली उतरलं होतं. बाळाने मुक्काम हलवला होता, आणि किती महिन्यांनी श्वास थेट तळापर्यंत गेला. मी खिडकीत उभी राहून तीन-चारदा नुसताच श्वास घेतला, फुकट मिळालेल्या आइस्क्रीमसारखा. आता तो सूर मी एकटीनेही धरू शकले असते. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

चर्चमध्ये टेनरच्या रांगेत एक नाही, चार खुर्च्या होत्या. ओड्वार एकीत आधीच ऐसपैस बसले होते, मेहुणे दुसरीत. योस्टाइन तिसरीपाशी उभा.

"हे काय?" मी विचारलं.

"टेनर बसून गातात," तो गंभीरपणे म्हणाला. "जुनी पद्धत आहे."

"कधीपासूनची?"

"आज सकाळपासूनची."

गीडाने कपाळाला हात लावला, पण खुर्च्या काढायला लावल्या नाहीत.

शेवटचं गाणं आलं. एकेक आवाज थांबत गेला आणि आमचा सूर उरला. आठव्या मात्रेला माझ्या छातीत अजून भरपूर श्वास शिल्लक होता. मी क्षणभर अडखळले… आणि ठरल्याप्रमाणे थांबले. तो सूर त्याच्या आवाजात तसाच पुढे चालू राहिला. मी सावकाश, पोटभर श्वास घेतला आणि परत आले. इतकं सोपं होतं ते. यासाठी मी आईशी तीन महिने भांडत होते?

बाराव्या मात्रेला त्याने श्वास घ्यायचा होता. तो थांबला, पण परत आलाच नाही. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. डोंगर पळत चढणारा तो माणूस माझ्याकडे बघत बसला होता. तोंड उघडं, त्यातून आवाज नाही. मग मीच धरला तो सूर. शेवटपर्यंत.

टाळ्या चालू असताना तो पुटपुटला, "माझा श्वासच अडकला."

"कळलं मला. सगळ्या चर्चला कळलं."

संध्याकाळी आम्ही दोघं पायऱ्या चढत होतो. पाऊस थांबून उजेड पडला होता. पायऱ्यांच्या कडेची फुलझाडं ठिबकत होती. खोका आज नव्हता.

"राग्ना… तुला एक सांगायचंय. ती पुस्तकं—"

"रिकामा होता ना खोका?"

त्याचे कान लाल झाले. "पहिल्या दिवशी खरंच होती. दोन. नंतर मला तुझ्याशेजारी बसायचं होतं, आणि दुसरं काही कारण सुचलं नाही. मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून, त्या बटाट्यांसकट. येणारं बाळही आवडेल असं वाटतंय, अजून ओळख झाली नाही, पण वाटतंय. तुला एकटीलाच करायचं असेल तर मी नुसता शेजारचा टेनर म्हणून राहीन. फक्त आठव्या मात्रेला बोलाव."

मी त्याचा हात घेतला आणि चढत राहिले. दिव्यापाशी आलो. सवयीने त्याची पावलं मंदावली, मग त्याला आठवलं की आता नाटकाची गरज नाही. तो पुढच्या पायरीवर पाय टाकणार, तेवढ्यात मी हात ओढला.

"धाप लागली का?" तो लगेच वळला. "छातीत दुखतंय?"

"नाही. आज अजिबात नाही. आज मी टोकापर्यंत एका दमात जाऊ शकते."

"मग?"

मी दिव्याखालच्या पायरीवर टेकले आणि बाजूला सरकून त्याला जागा केली.

"तरी बस," मी म्हटलं.