लाल रेघ

स्कूटरच्या मागच्या ब्रेकचे शू मिळवायला ती सकाळपासून जुन्या पार्टांच्या गल्लीत वणवण करत होती. शेवटच्या दुकानातला म्हातारा चष्म्यावरून बघत म्हणाला, "हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला, पोरी. भंगारात घाल."

"तुम्हीही जुनेच आहात की आजोबा. तुम्हाला घातलं का कुणी?"

म्हातारा खो-खो हसला आणि त्याने माळ्यावरून खोका काढला.

गाडी बाबांची. ते जाऊन आठ महिने झाले होते. उद्या मोठे काका गिऱ्हाईक आणणार होते, पण आईने शब्द दिला होता, "आज मला मागे बसवून टेकडीवरून फिरवून आण. मग नाही विकत."

तळघरातल्या पार्किंगमध्ये भर दुपारीही अंधार साचलेला असे. दिव्याखाली बसून तिने शू बदलले, चाक चढवलं. बाबांची एक पद्धत होती. नट पान्याने पक्का आवळायचा, मग त्यावर आईच्या नेलपॉलिशची लाल रेघ ओढायची आणि म्हणायचं, "झालं!" आधी आवळणं, मग रेघ, हे त्यांनी तिला शंभरदा ऐकवलं होतं. तिला या म्हाताऱ्या शिस्तीचा वैताग यायचा. आज तिने सगळ्या रेघा आधीच मारून टाकल्या आणि मग पाना उचलला. बारके नट आवळून झाले, तेवढ्यात आईचा फोन आला, "येऊ का गं खाली?"

आई आली, मागे बसली. तिने किक मारली. गाडी धडधडली आणि बंद पडली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही.

मग सगळं शांत झालं. त्या शांततेत नेलपॉलिशचा ताजा वास आला...

ती खाली वाकली. मागच्या चाकाच्या मोठ्या नटावरची रेघ पुसलेली होती.

"आई, इथे हात लावलास?"

"मी कशाला लावू?"

तिने नट चाचपला. तो दोन बोटांत फिरला. टेकडीच्या उतारावर, आई मागे बसलेली असताना... तिने अंगातला सगळा जोर लावून नट आवळला आणि फळीवरची नेलपॉलिशची बाटली आणायला वळली.

परत आली, तर नटावर रेघ होती. ओली. टोकाला किंचित बाक असलेली, बाबांच्या थरथरत्या हाताची असायची तशी.

हातातल्या बाटलीचं झाकण घट्ट बंद होतं.

तिने किक मारली. गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली.

"काय गं," आई मागून हळूच म्हणाली, "आत्ता 'झालं' म्हणालीस ना...?"

तिने तोंडच उघडलं नव्हतं.