लाल पेन्सिलची सही

पहिल्याच भेटीत त्याने माझं वाक्य खोडलं! शब्दकोशाच्या कार्यालयात मी नवी, तो तपासनीस. सगळे त्याला ‘लाल पेन्सिल’ म्हणायचे. आता फोनवर बोट ठेवलं की अर्थ हजर. तेव्हा एकेका इंग्रजी शब्दाचं कार्ड हाताने लिहायचं, आणि त्याची सही झाली तरच ते पेटीत जायचं.

माझ्या वाट्याचा शेवटचा शब्द होता ‘इन्फिल्ट्रेट’. मी लिहिलं – घुसखोरी करणे. उदाहरण: सैनिक गावात घुसले.

“यात लपून कुठे आहे?” तो म्हणाला. “हे तर दार तोडून आल्यासारखं वाटतंय.”

मी सैनिकांना वेष बदलायला लावला.

“आणि पाणी? जमिनीत झिरपतं, ते?”

तेही लिहिलं.

“आणि हेर? नुसतं आत शिरून भागतं का त्याचं? आतल्यांचा विश्वास नको मिळवायला?”

बोलताना तो खिडकीबाहेर पाहायचा. चुकून माझ्याकडे पाहिलंच, तर कान लाल व्हायचे... मला ते कान भारी आवडायचे, खोटं कशाला बोलू!

पण कार्ड नवव्यांदा परत आलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. दादाने माझ्यासाठी परगावच्या शाळेत नोकरी पाहिली होती. सोमवारी रुजू व्हायचं, आणि इथलं काम पूर्ण केल्याचा दाखला नसेल तर ती हातची जाणार. त्या दिवशी शनिवार होता.

“काय चुकलंय, ते एकदाचं सांगा!” मी कार्ड त्याच्या टेबलावर आपटलं.

“काहीच नाही,” तो पुटपुटला. “परवाच बरोबर झालं होतं... सही केली की तुम्ही जाणार.”

“अहो, माझी नोकरी जाईल ना!”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने लगेच सही केली, धावत जाऊन दाखलाही आणला. मला इतका राग आला होता – आणि तरी तिथून पाय निघत नव्हता.

“तोंडाने बोलायला काय झालं होतं?”

“धीर झाला नाही.”

“मग आता करा. सोमवारी मी जाणारच. उद्या घरी या, दादाशी बोला.”

“आणि... ते नाही म्हणाले तर?”

“अहो, मी हो म्हणतेय ना!”