मोटर काढा आधी!

"ताई, ही पेटी वाजवायची का?"

तळवड्याच्या वर्कशॉपात माझ्या मशीनकडं बघून त्यानं विचारलं आणि मी जी भडकले! "विणायची मशीन आहे ही. जाड लोकरीची. हातानं चालते. आणि ताई नाही, योगिनी!"

तो गालात हसला. सुजित त्याचं नाव, तिथला कारागीर, चाकणजवळच्या गावचा. मशीनची एक सुई वाकली होती आणि तशी सुई कुठल्याच दुकानात मिळेना, म्हणून काळेवाडीहून रिक्षातून मशीन मांडीवर घेऊन आले होते.

"ठिवून जावा. उद्या देतो बनवून."

"जपून हं! माझ्या प्रत्येक स्वेटरवर चिठ्ठी असते – हातमशीनवर विणलेलं, योगिनी, काळेवाडी."

"एवढा अभिमान?"

"असणारच!"

तो बघतच राहिला… मग मीच मेली खाली बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी गेले तर सुई नवी, आणि मशीनला चक्क मोटर! त्यानं ऐटीत बटण दाबलं. सुयांवरून हातानं सरकवायचा ठोकळा आपोआप धावला, लोकर गुंतली, टाके भराभर सुटले.

"तुमचं हात दुखू नयेत म्हणून… ओव्हरटाइम सोडून बसवली," तो पुटपुटला.

"मोटर काढा आधी! जाड लोकर अडकली की हाताला कळतं, मोटरला काय कळणार डोंबल? आई म्हणते, लग्न झालं की मशीन माळ्यावर टाकायची. तुम्ही तर लग्नाआधीच माझे हात काढून घेतलेत!"

बोलले आणि जीभ चावली. त्याचे कान लालभडक झाले होते. त्यानं मुकाट्यानं मोटर काढली.

"दाखवा मग… कसं कळतं ते."

मी त्याचा हात ठोकळ्यावर ठेवला, वर माझा. "दाबू नका. नुसतं सरकवा…"

सर्र… सर्र… मध्येच तो थांबला. "हितं वढतंय. व्हय ना?"

"व्हय! कळलं आता?"

"लई कळलं," तो म्हणाला. मशीनकडं मात्र बघत नव्हता.

दिवाळीनंतर तो आईवडिलांना घेऊन मला बघायला आला. बाकी सगळे पोहे खात बसले, आणि हा टेप काढून थेट माझ्या मशीनपाशी!

"अहो, मुलगी इकडं आहे," आई घाबरून म्हणाली.

"आमच्या घरात खिडकीपाशी चांगला उजेड हाय. मशीन तिथं बसती का बघतो." त्यानं माप घेतलं आणि माझ्याकडं वळला. "बसती. माळ्यावर न्हाई जायची… तुमी येता का?"

मला तर तिथंच हो म्हणावंसं वाटलं. पण बोलले ठसक्यातच, "चिठ्ठीवर नाव माझंच राहणार."

"नाव तुमचंच. गाव तेवढं बदलावं लागंल…"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी मान ताठ केली.

"बदलते," म्हटलं.