एका चुलीची दुरडी

“कमळ, तिकडं निखारा मागायला जायचं न्हाय!” नामाचा आवाज खोपोलीच्या त्या आमराईत असा कडाडला, की दहा पावलांवर तीन दगडांच्या चुलीशी एकटीच बसलेल्या केसरची फुंकर अर्ध्यावरच राहिली.

केसर म्हणजे नामाची थोरली भावजय, त्याच्या मेलेल्या भावाची, रघूची, बायको. सासू गेली तेव्हा नामा सहा वर्षांचा होता, आणि त्याला न्हाऊमाखू घालून, भरवून, वेळप्रसंगी दोन रट्टे देऊन तिनंच वाढवला होता. आणि आता सात वर्षं झाली... पेणच्या खाडीकाठी त्यांच्या घरात एकाच छपराखाली दोन चुली पेटत होत्या, आणि नामाच्या तोंडून ‘वयनी’ एवढा एक शब्द काही निघत नव्हता! मरणाआधी एकदा तरी त्यानं हाक मारावी, याखेरीज तिला जगात दुसरं काहीही नको होतं.

गावची पालखी चैत्रात कार्ल्याच्या एकवीरा आईला पायी निघाली होती आणि आज बोरघाट चढायचा होता. घाटासाठी गावाची एक रीत होती. प्रत्येक चुलीची एक दुरडी. तिच्यात नारळ, तांदूळ आणि गूळ. पायथ्याशी ती डोक्यावर चढली की वर खंडाळ्यालाच उतरायची, मध्ये भुईला टेकवायची नाही. कुणी दमलं, तर त्याच चुलीवर जेवणाऱ्या दुसऱ्या माणसानं ती घ्यायची. परक्या चुलीचा हात लागता कामा नये. नामा आणि त्याची बायको कमळ आलटून पालटून नेणार होते. केसरच्या चुलीवर मात्र तिच्याशिवाय जेवणारं होतंच कोण? तिनं चुंबळ ठेवली, दुरडी चढवली, आईचं नाव घेतलं आणि निघाली.

वाट चढत होती. करवंदीच्या जाळ्यांतून वारा येत होता, दूर कुठंतरी मालगाडी धापा टाकत घाट चढत होती, पुढं ढोल वाजत होता. केसरचं मन मात्र मागं मागं जात होतं...

स्वातंत्र्यानंतरचा तो पहिलाच उन्हाळा. कमळ लग्न होऊन नुकतीच घरात आली होती, माणगावाकडच्या भातशेतीतली मुलगी. त्यांच्या मिठागराच्या कोंडीत, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्यात, पाण्यावर मिठाची पांढरी साय धरलेली तिनं पाहिली आणि पोरीला वाटलं, पाणी नासलं! तिच्या माहेरी खाचरातलं नासकं पाणी बाप बांध फोडून काढून द्यायचा. हिनं तसंच बांधातली लाकडी झडप, उघाडी म्हणतात ती, उघडून दिली. तीही अमावास्येच्या उधाणाला! पाणी बाहेर जायचं राहिलं बाजूला, सगळी खाडीच आत शिरली आणि मोसमाचं मीठ डोळ्यांदेखत विरघळून गेलं. केसर धावत आली तेव्हा कमळ बांधावर थरथरत उभी होती. “घरी जा, भात टाक. तू हितं आलीच नव्हतीस,” एवढंच केसर म्हणाली. नामा पोचला तेव्हा तीच कमरेएवढ्या पाण्यात उघाडीला खांदा लावून उभी होती. “कुनी उघडली?” “मी.” वीस वर्षं मिठागरात घालवलेली बाई अशी चूक करते होय! “घरात नवी आली, त्याचा मत्सर काडलास व्हय?” नामा ओरडला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं चूल वेगळी केली. आठ दिवसांत राग निवेल, असं केसरला वाटलं होतं.

शिंगरोबाच्या देवळापुढं चढ खडा झाला. केसरची मान भरून आली, पोटऱ्या थरथरू लागल्या. पुढं नुकतीच नामानं कमळच्या डोक्यावरची दुरडी आपल्या डोक्यावर घेतली होती. तेवढ्यात केसरचा पाय मुरमावरून सटकला, ती गुडघ्यावर आली आणि दुरडी कलली!

“बाय!” कमळ धावली. “द्या ती माज्याकडं!”

“सर मागं,” केसर कशीबशी तोल सावरत म्हणाली. “तुजी चूल वेगळी हाय.”

पालखीतली सगळ्यांत जुनी सोनूबाई काठी उगारत पुढं आली. “कमळे, हात लावू नको! तिच्या चुलीवर कवा जेवलीस तू?”

“जेवले!” कमळचा बांध फुटला. “सात वर्सं हिच्याच जिवावर जेवतेय मी! उघाडी मी उघडली व्हती... हिनं न्हाय! ” ती नामाकडं वळली. “आदी तुमच्या रागाला भ्याले वो, आन् मंग माजी मलाच लाज वाटली...” आणि हुंदके देत तिनं केसरची दुरडी उचलून आपल्या डोक्यावर घेतली. सोनूबाईची काठी खाली आली. रीत जाणणाऱ्या त्या म्हातारीनं बाजूला होऊन कमळला वाट दिली.

नामा डोक्यावरची दुरडी सावरत वळला. “वयनी... सात वर्सं तू बोलली न्हाईस?”

किती वर्षांनी आला तो शब्द! केसर हळूहळू उठली. “बोलले असते, तर हिला उभ्या उभ्या म्हायेरी धाडली असतीस. तापट डोक्याचा तू. मीच वाडवलाय, मला ठाऊक न्हाय व्हय?”

“आन् मी तुला काय काय बोललो!”

“बोललास खरा.” ती गुडघ्यावरचा मुरूम झटकत म्हणाली. “मीठ गेल्याचं दुख न्हाय झालं, नामा. पन तू मला मत्सरी म्हनलास... ते लागलं.”

तो तिच्या पायांवर कोसळायलाच निघाला, तोच सोनूबाई ओरडली, “खबरदार! वाकलास तर दुरडी पडंल!”

मग तो तसाच ताठ उभा राहिला. दोन्ही हात वर दुरडीला, पाया पडता येईना, डोळे पुसता येईनात; आसवं नाकावरून मिशीत, मिशीतून छातीवर वाहू लागली. केसर दोन पावलं चढून त्याच्यासमोर गेली. डोक्यावरचं ओझं उतरलेलं, हात मोकळे. तिनं पदराच्या टोकानं त्याचे डोळे पुसले, गाल पुसले, आणि पदर त्याच्या नाकाला लावून ती म्हणाली, “शिंकर.”

आणि साऱ्या पालखीदेखत त्या मिशाळ बाप्यानं मुकाट्यानं नाक शिंकरलं.